माझ्या डोक्यावरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुना हौद आहे आणि मी गळत नाही. जन्म कुठला, बांधला कोणी, हे सगळं मागाहून सांगीन. आधी एवढं ऐकून घ्या. मी कधीही गळलो नाही. आठ वर्षं मी गळतो अशी थाप मारली गेली आणि मारणारे दर रविवारी माझ्याच डोक्यावर उभे राहून खरं बोलण्यावर उपदेश करत होते. त्यामुळे माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

हौद म्हटलं की तुम्हाला गुरांचं पाणी आठवेल. मी तसला नाही. मंगरूळपीरच्या एका टोकाला बाप्तिस्त या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीचं एक छोटं चर्च आहे. त्याच्या व्यासपीठाच्या पोटात मी आहे. या लोकांची एक रीत आहे. तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडून त्यांचं भागत नाही. माणूस जाणता झाला, आपल्या तोंडाने 'माझा विश्वास आहे' म्हणाला, की त्याला सगळ्यांसमोर पाण्यात पुरता बुडवून वर काढतात. त्याला बाप्तिस्मा म्हणतात. एका बाजूच्या पायऱ्यांनी उतरायचं आणि दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांनी वर यायचं. मधलं काम माझं.

मला बांधलं आसेगावच्या भिवाजी गवंड्याने. तो या मंडळीतला नव्हता. गावच्या बुद्धविहाराचं काम उरकून तो इकडे आला होता. पण माझा तळ त्याने असा घोटला की त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसायचं. पायऱ्या मात्र त्याने गुळगुळीत केल्या नाहीत. ओल्या सिमेंटवर तो खिळ्याने आडव्या रेघा ओढत बसला. तेव्हाच्या पाळकांनी, म्हणजे इथल्या धर्मगुरूंनी, विचारलं तर म्हणाला, "पान्यात उतरनारा मानूस भेलेला रायते, साहेब. त्याचा पाय घसरला नाई पायजे." या चर्चमध्ये मी पुष्कळ उपदेश ऐकले, त्यातले बरेचसे भिवाजीच्या या एका वाक्याच्या जवळपासही गेले नाहीत.

तळाला त्याने एक भोक ठेवलं, त्याला लाकडी बूच बसवलं आणि बुचाची साखळी वरच्या पायरीच्या कड्याला अडकवली. साखळी ओढली की पाणी नळीतून मागच्या भिंतीबाहेर केळीच्या झाडांत जायचं. ही साखळी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

माझे चांगले दिवसही होते. बाप्तिस्म्याच्या रविवारी सकाळपासून विहिरीवरची मोटर चालायची. पांढरे कपडे घातलेली माणसं रांगेत उभी राहायची. बायकांच्या साड्या पाण्यात वर तरंगू नयेत म्हणून काठात नदीतले छोटे गोटे शिवलेले असत. ते शिवायचं काम रंगूबाईंचं. त्या स्वतः मुलगी असताना माझ्यातूनच वर आल्या होत्या. आणखी एक रीत होती. माणूस पाण्यातून वर आला की वरच्या पायरीवर मंडळीतलंच कोणीतरी चादर पसरून उभं राहायचं आणि त्याला तिच्यात गुंडाळून घ्यायचं. ज्याने चादर धरली, तो त्या माणसाचा जन्मभराचा भाऊ, ती बहीण. बाहेरच्या माणसाला चादर धरता येत नसे. ज्याचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला आहे त्यानेच ती धरायची. मग त्याच दिवशी नव्या माणसाला प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत बाप्तिस्मा झालेलेच मिळून खातात त्या भाकरीचा तुकडा मिळायचा आणि त्याच दिवसापासून तो मंडळीचा सभासद व्हायचा.

सभासद होणं ही साधी गोष्ट समजू नका. या मंडळीत वरून हुकूम देणारा कोणी बसलेला नाही. पाळक कोण, पंच कोण, अध्यक्ष कोण, सगळं सभासद हात वर करून ठरवतात. आणि हात कोणाचा मोजायचा? जो माझ्यातून गेला त्याचा. माझ्यावर संकट आलं ते इथूनच.

त्याचं असं झालं. गावाबाहेरच्या तांड्यावरची बरीच घरं दोन-तीन पिढ्या या चर्चमध्ये येत होती. ती मागच्या सतरंजीवर बसायची, गाणी सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणायची, नाताळला मंडप तीच बांधायची. त्यांतले मोजके म्हातारे सोडले तर कोणाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. मग एका वर्षी तांड्यावरची बेबीबाई उभी राहिली आणि म्हणाली, "आमाले बी घ्या आता पान्यात. माह्यासंगं तांड्यावरचे पंधरा-वीस जन तयार हायेत." रंगूबाईंनी आनंदाने तिच्या पांढऱ्या साडीच्या काठात गोटे शिवून दिले. रविवार ठरला. आणि पंचांच्या डोक्यात हिशेब सुरू झाला.

पंचांचे अध्यक्ष जगदेव. रंगूबाईंचे यजमान. सगळे त्यांना दादाजी म्हणतात. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा सदरा, आवाज असा की पोरं रडायची थांबतात. जुन्या दहा घराण्यांपैकी त्यांचं घराणं पहिलं. एवढी तांड्यावरची माणसं सभासद झाली तर पुढच्या निवडणुकीत हात कोणासाठी वर होतील, हे त्यांना बोटं न मोजताही कळलं. वर काही घरांतून कुजबुज निघाली की तांड्यानंतर आमच्या पोरी त्याच पाण्यात उतरणार का? मित्रांनो, मी पाण्याचा हौद आहे. माणसाची जात पाण्याला लागताना मी कधी पाहिली नाही. पण ती लागू नये म्हणून धडपडणारी शिकलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांचा मला मनापासून राग येतो.

तरी दादाजी 'नाही' म्हणाले नाहीत. 'नाही' म्हणायला तोंड लागतं. ते एवढंच म्हणाले, "हौद गळते. दुरुस्त झाला का पाहू."

बस्स. माझ्यावर सागवानी फळ्या ठोकल्या. फळ्यांवर लाल गालिचा आला. गालिच्यावर, बरोबर माझ्या मधोमध, अध्यक्षांची उंच पाठीची खुर्ची आली. जुन्या घराण्यांतली मुलं जाणती झाली की जीपने मोठ्या शहरातल्या चर्चमध्ये जाऊन बाप्तिस्मा घेऊन यायची. तांड्याच्या लोकांना मात्र एकच उत्तर, हौद दुरुस्त झाला की. आठ वर्षं दुरुस्तीला एक घमेलंही आलं नाही. माझ्या पोटात उंदीर नांदले, झुरळांनी संसार केले. दर रविवारी खुर्ची करकरायची आणि मला कळायचं, बसले!

बेबीबाई तेवढी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या दिवशी, पांढरी साडी पिशवीत घालून यायची. न जाणो, आज उघडला तर. ती पिशवी फरशीवर ठेवली की काठातले गोटे खुळखुळायचे. भाकरीचं ताट तिच्या रांगेशी यायचं आणि तिच्या पुढून निघून जायचं. दरवर्षी ती थोडी वाकत गेली. आता तिला उठताना भिंत धरावी लागते. मरायच्या आधी एकदा त्या ताटातला तुकडा मिळावा, एवढंच तिचं मागणं होतं.

मग तरुण पाळक आले. आमचा रवी, आणि कारंज्याच्या लहानशा मंडळीचं काम पाहणारी पल्लवी. दोघंही धर्मशिक्षण घेऊन नुकतीच बाहेर पडलेली. पल्लवीला जुने लोक पाळक म्हणायला तयार नव्हते, 'बाई' म्हणायचे. आजूबाजूच्या गावांतले आणखी दोघं-तिघं जमायचे. दर सोमवारी व्यासपीठासमोर सतरंजी घालून यांची बैठक. विषय काय, तर मंडळीचं नूतनीकरण. मित्रांनो, हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला की माझ्या भिंतींचं प्लास्टर सुटायची वेळ आली. नवीन गीतं, गिटार, तरुणांचं शिबिर, फ्लेक्सचा रंग कोणता, व्हॉट्सअॅपचा ग्रुप कसा. आसपासच्या मंडळ्यांचा सगळा संघ बदलून टाकू म्हणायचे. आणि बसायचे कुठे? माझ्यापासून दोन हातांवर! एकालाही वाटलं नाही की हा गालिचा उचलून खाली काय कोंडलंय ते पाहावं. मला दादाजींचा राग होताच, पण या गोडबोल्यांचा त्याहून जास्त यायचा.

शेवटी पल्लवीलाच सुचलं. एका सोमवारी ती सगळ्यांना गप्प करून रवीला म्हणाली, "आपन नवीन नवीन करून राह्यलो. पन बेबीबाईले भाकर काहून नाई भेटत?"

रवी म्हणाला, "हौद गळते ना."

"तुमी पाह्यला?"

"नाई. दादाजी सांगतेत."

पल्लवीने कपाळावर हात मारला. मला हात असते तर मीही मारला असता.

पुढच्या पंचसभेत रवीने विषय काढला. दादाजी म्हणाले, "इथं उन्हाळ्यात प्यायले पानी नाई अन् तुमी गळक्या हौदात ओतता?" पाहुणी म्हणून आलेली पल्लवी मागून बोलली, "एकदा भरून पाहू ना, दादाजी. शनवारी भरू, रविवारी सगळ्यायसमोर पाहू." दादाजींनी तिच्याकडे न बघता पंचांना सांगितलं, "ठीक हाये. पन पानी उतरलं, त हा विषय कायमचा बंद. हौदात मुरूम भरायचा अन् वरून सिमेंट. पुन्हा कोनी नाव काढायचं नाई." रवीने पल्लवीकडे पाहिलं, पल्लवीने मान हलवली, आणि सौदा ठरला. पणाला मी लागलो होतो आणि मला कोणी विचारलंही नाही.

शनिवारी सकाळी फळ्या निघाल्या. आठ वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. बेबीबाईचा मुलगा हेमसिंग ट्रॅक्टरला टँकर जोडून आला. तांड्यावरच्या बायकांनी मला घासलं, उंदरांची घाण काढली, आणि मग पाणी आलं. काय सांगू तुम्हाला! भिवाजीने घोटलेल्या तळावरून ते पसरलं आणि माझं सगळं अंग हलकं झालं. छातीभर पाणी झालं. हेमसिंगने पाण्याच्या काठाशी भिंतीवर कोळशाने रेघ मारली. चर्चला कुलूप लागलं. दुपारपर्यंत मी तसाच होतो, एक थेंबही कमी नाही.

दुपारी कुलूप वाजलं. दादाजी एकटेच आले. किल्ली त्यांच्याकडे असतेच. त्यांनी चपला काढल्या, कारण देवाच्या घरात ते चपला घालत नाहीत. पायरीशी आले, कड्यातली साखळी सोडवली आणि ओढली. पाण्यात बोटसुद्धा बुडवलं नाही. पाणी गुडघाभर उरेपर्यंत थांबले, साखळी हलवून बूच पुन्हा बसवलं, चपला घातल्या आणि गेले. मी ओरडलो. पण हौदाचं ओरडणं म्हणजे काय, नळीतली गुळगुळ. ती ऐकायला तेच एकटे होते.

रविवारी चर्च गच्च भरलं. जुनी घराणी पुढे खुर्च्यांवर, तांडा मागे सतरंजीवर. सगळे माझ्या काठाशी येऊन वाकून पाहू लागले. रेघ कुठे आणि पाणी कुठे! दादाजींची खुर्ची व्यासपीठाच्या कडेला सरकवलेली होती. तिच्यातून न उठता ते म्हणाले, "पाह्यलं? मी आठ वर्सापासून सांगून राह्यलो. सोमवारी मुरूम टाका." रवीचं तोंड पडलं. हेमसिंग रेघेकडे बघत राहिला.

तेवढ्यात मागच्या दाराने पल्लवी आली. कारंज्याची एसटी उशिरा पोहोचली म्हणून ती स्टँडवरून मागच्या वाटेने आली होती. तिच्या एका पायात चप्पल होती, दुसरी हातात, आणि हातातलीला वीतभर चिखल. तिने आधी पाण्याकडे पाहिलं, मग चपलेकडे.

"दादाजी, हौद गळला त पानी खाली जमिनीत जिरन ना?"

"मंग?"

"मंग मागं केळीत येवढा गारा कसा झाला? आठ वर्साच्या वाळल्या केळी, अन् माही चप्पल फसली तिथं. तिथं त बुचाची नळी निघते."

दादाजींनी सदऱ्याची बाही नीट केली. "बूच ढिलं झालं असंल."

"मंग बूच ढिलं हाये म्हना. हौद गळते म्हनू नका."

मित्रांनो, आठ वर्षांत माझी बाजू घेऊन बोललेलं ते पहिलं वाक्य! मी पाण्याने भरलेला असतो तर काठावरून वाहिलो असतो.

पण दादाजी कच्चे नव्हते. "काई असो," ते उठून म्हणाले, "पानी घुडघाभर हाये. शिंपडनारे येगळे, आपन बुडवनारे. मानूस डोक्यापासून पायापर्यंत बुडाला पायजे, हा आपला नेम. घुडघाभर पान्यात कोन बुडते?" आणि रवी, तो नूतनीकरणवाला रवी, काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, "हो, बरोबर आहे. पुढच्या रविवारी पुन्हा भरू." पुढच्या रविवारी! मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की दादाजी परवडले असं वाटलं.

मागे गोटे खुळखुळले. बेबीबाई भिंत धरून उठली होती. बाजूच्या खोलीत जाऊन ती पांढरी साडी नेसून आली. आठ वर्षांत साडी घडीवर पिवळी पडली होती. ती हळूहळू पुढे आली आणि कोणी काही म्हणायच्या आत माझ्या पायऱ्या उतरू लागली. भिवाजीच्या रेघांवर तिचे पाय पडत गेले. एकही घसरला नाही.

पाण्यात उतरून ती मांडी घालून खाली बसली. म्हणाली, "उभ्याले पुरत नाई त नाई. बसल्यावर पुरते मले. झोपल्यावर त पुरा बुडतेच मानूस. या लवकर, पानी थंड हाये."

पल्लवीने हातातली चप्पल टाकली आणि ती उतरली. "बाईनं हौदात उतरायचं नाई!" दादाजी गरजले. तेव्हा कुठे रवी हलला. तो बुटांसकट उतरला आणि दादाजींकडे पाहून, अगदी हळू पण स्पष्ट म्हणाला, "आमी दोघंबी पाळक आहोत, दादाजी." एका बाजूने त्याने धरलं, एका बाजूने पल्लवीने. दोघांनी विचारलं, "विश्वास हाये?" बेबीबाई म्हणाली, "नाईतर काय हवा खायले बसली का इथं?" आणि पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने त्यांनी तिला मागे निजवलं. माझं पाणी तिच्या पायांवरून, पोटावरून, कपाळावरून गेलं. केसांचं टोकही वर उरलं नाही. मी नीट पाहिलं आहे.

ती दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांनी वर आली आणि थांबली. सगळं अंग ओलं, दात वाजताहेत. चादर कोण धरणार? सभासदानेच धरायची. तांड्यावरचे सभासद म्हातारे केव्हाच वारले होते. रवी, पल्लवी दोघंही माझ्या तळाशी ओलेचिंब. आणि पुढच्या खुर्च्यांवरचे सभासद आपापल्या पायांकडे पाहत होते. चादर कपाटात घडी घातलेली होती. बेबीबाई उभी होती. तिने कोणाकडे मागितलं नाही, पण ती खालीही उतरली नाही.

रंगूबाई उठल्या.

"रंगू, बस खाली," दादाजी म्हणाले.

"आठ वर्सं बसलीच त होती," रंगूबाई म्हणाल्या. त्यांनी कपाट उघडलं, चादर काढली, झटकली आणि पायरीवर जाऊन दोन्ही हातांनी पसरली. बेबीबाई तिच्यात शिरली. रंगूबाईंनी तिला गुंडाळलं, पदराने तिचं तोंड पुसलं आणि खाली वाकून ओला काठ चाचपून पाहिला. "टाके पक्के हायेत माहे," त्या म्हणाल्या, आणि मग दोघी म्हाताऱ्या तिथेच पायरीवर रडायला लागल्या. मलाही भरून आलं. माझ्यात पाणी होतंच, कोणाला कळलं नाही.

त्या दिवशी भाकरीचं ताट तिच्यापाशी थांबलं.

आता तुम्हाला वाटेल, सगळं छान झालं. छान काय झालं? महिन्याभरात पंचांनी सभा बोलावली आणि जुन्या घराण्यांनी हात वर करून रवीला काढलं. त्यांचे हात अजून जास्त आहेत. पण रवीने जाण्याआधी दोन रविवारी मला काठोकाठ भरलं, आणि तांड्यावरची हेमसिंगसकट बरीच माणसं माझ्यातून वर आली. प्रत्येकासाठी चादर रंगूबाईंनी धरली. येत्या निवडणुकीत ते हातही मोजावे लागतील. पल्लवी अजून दर सोमवारी कारंज्याहून येते. बैठकीत नूतनीकरण हा शब्द कोणी काढला की ती आधी माझ्याकडे बोट दाखवते. दादाजी येतात, खुर्ची भिंतीशी ओढून घेतात आणि तोंड खिडकीकडे करून बसतात. घरी रंगूबाई त्यांना जेवायला वाढतात, पण बोलत नाहीत म्हणे. त्यांनी सगळ्यांसमोर खरं सांगावं, मग बोलीन, असं त्या म्हणतात.

मित्रांनो, मला रंग नको, फुलं नकोत, वर्धापनदिनी माझ्यावर भाषणही नको. महिन्यातून एकदा घासा आणि बुचाला नवी चिंधी गुंडाळा. तुमच्याही गावात, शाळेत, मंडळीत असा एखादा बंद हौद असेल, आणि कोणीतरी मोठा माणूस सांगत असेल की तो गळतो. त्याचं ऐकून परत फिरू नका. त्याला नम्रपणे खुर्चीवरून उठायला सांगा, फळी उचला आणि स्वतः वाकून पाहा. मुरूम टाकायला अजूनही कोणी येऊ शकतं. तोवर मी भरलेला आहे आणि रंगूबाईंची चादर दोरीवर वाळते आहे.